चंद्रकलाकाकूचं तोंड

चंद्रकलाकाकू भाकरीशी बोलायची. पीठ मळताना गप्प असायची, पण लाकडी काटवटीत गोळा फिरायला लागला की तिचं सुरू व्हायचं. "फुग गं भवाने, फुग. सरपंचावानी फुग." फुगली नाही तर, "हेच शिकून आलीस का म्हायेराहून? बसलीस तशीच?" आणि टम्म फुगली की तिच्या पोटाला बोट लावून, "आता कसं. लई हवा झाली का?"

शिरूर अनंतपाळला आमच्या आणि त्यांच्या घरात कमरेएवढी एक भिंत आहे. चुलीतल्या तुराट्यांचा धूर आणि काकूची बडबड सकाळी त्या भिंतीवरून आमच्याकडे यायची. मी पुढं लातूरला शिकले आणि तिथंच एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले, पण शनिवारी गावी आले की रविवारची जाग त्या आवाजानंच यायची.

ती ठेंगणी, काळीसावळी, पुढचे दोन दात मोठे. उजव्या गालावर लहानपणी तेल उडून पडलेला चट्टा होता, उडदाच्या डाळीएवढा. कुंकू लावायला तिला आरसा लागायचा नाही. चालता चालता बोट कपाळाला लावायची आणि ते बरोबर मध्ये बसायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "भाकर तव्यावर मधोमध टाकते का न्हाई न बगता? मग कपाळ तर माजंच हाय."

माणसांचीही ती भाकरीवरून परीक्षा करायची. तहसीलदार म्हणजे वरून फुगलेली, आतून ओली. स्वतःचा नवरा म्हणजे गार झालेली, पण भूक लागल्यावर बरी. माझे वडील, बापू, म्हणजे करपलेली. बापूंनी जन्मभर पत्रकं छापून वाटली. हुंड्यावर, दारूवर, बुवाबाजीवर. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर, आणि घड्या घालायला शिकले त्याही त्यांच्याच. काकू भिंतीवरून म्हणायची, "भावजी, तुमी खरं लिव्हताव, पन आच जरा कमी ठिवा. वरून करपतंय, आत शिजंना." उरलेली पत्रकं आमच्याकडून तिच्याकडे जायची. टोपल्यात भाकरीखाली घालायला तो कागद बरा पडतो, शाई सुटत नाही, हे तिचं मत. बापूंना ते आवडायचं नाही आणि ते पत्रकं देणंही थांबवायचे नाहीत.

तिला बघायला आले होते ती गोष्ट काकू रंगवून सांगायची. "सासूनं हनुवटी धरून माजं तोंड वर केलं, बगितलं आन सोडून दिलं. मनली, हिला चुलीपुढं बसवा. मी टोपलंभर भाकरी केल्या. येक बी दबली न्हाई. मग मनली, पोरगी काळी हाय, पन भाकर गोरी हाय. चालंल." हे सांगून ती स्वतःच आधी हसायची. तिच्याकडे लग्नाचा एकच फोटो होता. त्यात मुंडावळ्या दिसतात, तोंड दिसत नाही. मान वर करू नको, असं सासूच्या बहिणीनं मागं उभं राहून बजावलं होतं.

काकूचा पहिला व्हिडिओ काढला तो मयुरीनं. मयुरी काकूची सून, उमरीची. डी.एड. करून नोकरीची वाट बघत बसलेली, हुशार मुलगी. एका सकाळी तिनं काकूच्या नकळत फोन काटवटीच्या कडेला टेकवून ठेवला. "सरपंचावानी फुग" हे आठवडाभरात उदगीरपासून भोकरपर्यंत लोकांच्या तोंडी झालं. आमचे खरे सरपंच हसत हसत काकूकडे जेवून गेले. काकूनं त्यांना वाढताना विचारलं, "पोट भरलं का आजून जागा हाय हवेला?" त्याचाही व्हिडिओ झाला.

काकूला वाचता यायचं, पण अडखळत. लोक खाली काय लिहितात ते मयुरी वाचून दाखवायची. एका रविवारी मी भिंतीपाशी उभी होते. मयुरी वाचत होती: काकू लई भारी, काकू माझ्या आजीची आठवण आली, काकू एक भाकर पाठवा. मग ती पुढं वाचेना.

"थांबलीस कशाला?" काकूनं विचारलं.

"संपलं आत्याबाई."

"संपलं तर अंगठा वर कशाला सरकवलीस? वाच."

मयुरीनं वाचलं. काकूला आधी आंघोळ घाला. काकू कुठली आणि तवा कुठला ते कळेना. दात बघून भाकर पळून जाईल.

काकू म्हणाली, "तव्याचं बरं लिव्हलंय." आणि भाकर उलटली. त्या भाकरीशी मात्र ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशीपासून मयुरी फिल्टर लावायला लागली. त्यात तिचा वाईट हेतू नव्हता. सासूला कोणी काही बोलू नये, एवढंच तिला हवं होतं. फोनमधली काकू गव्हाळ झाली, नाक सरळ झालं, दात आत गेले, गालावरचा चट्टा नाहीसा झाला. पुढच्या रविवारी मयुरीनं फोन तिच्यापुढं धरला. कधीही आरशापुढं न थांबणारी बाई तो फोन पिठाच्या हातात घेऊन बसली. तव्यावरची भाकर काळी झाली तरी तिला वास आला नाही. मला आला.

पुढं नांदेडला एका ब्युटी पार्लरच्या उद्घाटनाचं बोलावणं आलं. मला त्याच दिवशी नांदेडला छापखान्याचं काम होतं, म्हणून त्यांच्याच गाडीत बसले. काकूनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. वाटेत सगळ्यांना भाषण म्हणून दाखवलं. "मी मननार, बायांनो, भाकरीला जाळ लागतोय आन बाईला कवतिक." चांगलं भाषण होतं.

दारात एकसारख्या साड्या नेसलेल्या चार मुली ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. काकू पायऱ्या चढून त्यांच्यापुढं गेली. मुली तिच्या खांद्यावरून गाडीकडे बघत राहिल्या. एकीनं मयुरीला विचारलं, "ताई, काकू मागच्या गाडीत आहेत का?"

"ह्याच आहेत," मयुरी म्हणाली.

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. ताट तिथंच राहिलं. पार्लरची मालकीण, सगळे तिला मॅडम म्हणत होते, लगबगीनं पुढं आली. ती अतिशय गोड बोलली, हे मुद्दाम लिहिते. कोणी काकूचा अपमान केला नाही. "या काकू, उन्हातून आलात, जरा फ्रेश होऊ," म्हणत तिनं काकूला आत नेऊन खुर्चीत बसवलं. बाहेर लोक ताटकळले. काकू बाहेर आली तेव्हा तिचं तोंड फोनमधल्यासारखं झालं होतं. मान आणि हात तिचेच होते. त्या पार्लरची एक अख्खी भिंत आरशाची होती. काकू तिच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "हां. आता ही ती हाय."

मग मुलींनी ओवाळलं. भाषणात काकूनं जाळाचं वाक्य घेतलंच नाही.

परतताना तिच्या ओटीत मॅडमनं घातलेली क्रीमची एक पांढरी डबी होती. मी हातात घेऊन फिरवून बघितली. नाव नाही, गाव नाही, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. मी म्हटलं, "काकू, ह्याच्यावर काहीच छापलेलं नाही. असलं तोंडाला लावायचं नसतं."

"किरांती," ती म्हणाली. बापूंनी माझं नाव क्रांती ठेवलंय, ते तिच्या तोंडी असं व्हायचं. "तुज्या बापाच्या कागदावर समदं छापल्यालं असतंय. कोन वाचतंय का?"

गाडीत सगळे हसले. डबी तिनं परत घेतली.

काकू भोळी होती, फसली, असं आता गावात बोलतात. मला ते मान्य नाही. दहा पिशव्यांतून तूर निवडून घेणारी बाई होती ती. तिनं हिशेब बरोबर मांडला होता. दारात उभी असताना ती कोणालाच दिसली नव्हती, आणि रंग लावल्यावर सगळ्यांना दिसली. एवढं स्वच्छ उदाहरण पुढ्यात असताना कोणतं पत्रक तिला उलटं पटवून देणार होतं?

क्रीमनं काम केलं, तेही खरं. दिवाळीपर्यंत काकूच्या गालांवर उजळपणा आला. गल्लीतल्या बायका भिंतीवरून वाकून बघायच्या. मग एक दिवस मला बोलावून तिनं हनुवटीपाशी बोट नेलं. तिथली कातडी पातळ, कांद्याच्या सालीसारखी सुटत होती.

"दुखतं का?"

"जरासीक. पन बग, पापुद्रा सुटायलाय." तिच्या आवाजात कौतुक होतं. "पापुद्रा सुटला म्हंजी आतून झाली. आता काढायची न्हाई, आजून जरा ठिवायची."

जन्मभर भाकरी केलेल्या बाईनं आपली सोललेली कातडी भाकरीसारखी वाचली. मी सांगितलं की माणसाची कातडी अशी सुटणं चांगलं नाही. ती म्हणाली, "तुला भाकर येती का?" मला येत नाही. तिनं त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ लावायला सुरुवात केली.

त्यानंतरची गोष्ट एका सकाळची. काकू थापता थापता एकदम उठून मागं सरली. "आज जाळ लई हाय गं, काडी मागं वढ." मयुरीनं तुराटी मागं ओढली. काकू पुन्हा बसली आणि पुन्हा उठली. जाळ रोजच्याएवढाच होता. तिचे दोन्ही गाल लाल होऊन त्यांवर बारीक शिरा दिसत होत्या. त्या दिवशी उरलेल्या भाकरी मयुरीनं केल्या. पुढं व्हिडिओत हात मयुरीचे आणि तोंड काकूचं असं सुरू झालं. चूल न पेटवता काकू तिच्यापुढं बसायची, तव्यावर मयुरीची आधीच भाजलेली भाकर असायची. बघणाऱ्यांना कळलं नाही. काकू मात्र त्या गार भाकरीला काय बोलावं हे सुचत नाही म्हणायची.

येळवशीला मी त्यांच्या शेतात होते. आमच्याकडे त्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची झोपडीवजा कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आणि मग भज्जी, उंडे, आंबील. बांधावरून जाणारा कोणीही असो, त्याला हाक मारून पानावर बसवायचं. न बोलावता जाऊ द्यायचा नाही, ही रीत आहे. ऊन सोसेना म्हणून काकू कोपीच्या सावलीत पदर ओढून बसली होती. काका रस्त्यावर उभे राहून लोकांना हाका मारत होते.

एका गाडीतून दोन बायका आणि एक माणूस उतरले. चाकूरकडचे कोणी होते. जेवायला बसता बसता त्यांतली थोरली म्हणाली, "आमी मुद्दाम ह्या रस्त्यानं आलाव. ती भाकरीवाली काकू ह्याच गावची ना?"

मयुरी पाणी आणायला गेली होती. काकूनंच विचारलं, "कंची?"

त्या बाईनं फोन काढून दाखवला. काकूनं स्वतःचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला.

"वळखती का तुमी तिला?"

"हाव. गल्लीतलीच हाय."

"लई गोरीपान हाय की वो. चुलीपुढं बसून बी."

"हाय खरी," काकू म्हणाली. "भज्जी घ्या आजून."

धाकटी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तोंडाला काय झालंय तुमच्या? नागीण का?"

"ऊन लागलंय."

त्यांनी पोटभर जेवण केलं. काकूनं आपल्या हातानं त्यांना तीनदा आंबील वाढली. निघताना थोरलीनं विचारलं, "ती घरी असंल का आज?" काकू म्हणाली, "आज न्हाई. आज ती नांदेडला गेलीय." गाडी गेल्यावर काका काहीतरी बोलणार होते. काकूनं त्यांच्यापुढं ताट सारलं आणि म्हणाली, "तुमी बसा आता, गार व्हायलंय."

जानेवारीत मी आणि मयुरी तिला लातूरला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डबी उघडून वास घेतला, काकूचा गाल भिंगातून बघितला आणि समजावून सांगितलं. ह्यात स्टिरॉइड असणार. कातडी पातळ झालीय, म्हणून ऊन आणि जाळ सोसत नाही. बंद करावंच लागेल. बंद केल्यावर आधी वाढेल, तोंड सुजेल, फोड येतील, आग होईल. काही महिने जातील. मग हळूहळू उतरेल. मध्येच परत लावलं तर सगळं पहिल्यापासून, आणि दर वेळी कातडी आणखी जाईल.

"मग तवर तोंड ठिवू कुटं?" काकूनं विचारलं.

"घरात थांबा. उन्हात जाऊ नका."

"घरात चूल हाय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मलम लिहून दिलं आणि म्हणाल्या, "मावशी, तुमच्यासारख्या रोज येतात. मनावर घ्या."

काकूनं मनावर घेतलं. डबी तिनं मयुरीकडे दिली आणि लपवून ठेव म्हणाली. चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे मिटतील इतकं तोंड सुजलं. काकू दिवसभर आतल्या खोलीत ओला पंचा तोंडावर टाकून पडायची आणि पंचा गरम झाला की मयुरी बदलायची. काकू ओरडली नाही, रडली नाही. विचारायची ते एवढंच, "आज टाकलास का व्हिडिओ?" टाकायला काही नव्हतं. लोक विचारायला लागले. काकू मेली का. काकूचं संपलं. एकानं उद्घाटनाच्या दिवशीचा फोटो टाकला, पायऱ्या चढत असतानाचा, पार्लरमध्ये जाण्याआधीचा. त्याखाली लिहिलं होतं: ही बघा खरी. तो फोटो हजारोंनी पुढं पाठवला. काकूनं तो मयुरीकडून मागून घेतला. पंचा बाजूला करून, सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून बघितला.

"ह्यात बरी हाय की मी," ती म्हणाली.

मला वाटलं आता ती तग धरेल. त्याच आठवड्यात भोकरहून एका मोठ्या घरच्या लग्नाचं बोलावणं आलं, काकूनं येऊन नवरीला आशीर्वाद द्यावा म्हणून. शनिवारी मी गेले तेव्हा सूज उतरलेली होती. मी आनंदानं मयुरीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. सूज कशानं उतरली ते मला कळलं. डबी मयुरीनं दिली नव्हती, काकूनं शोधून काढली होती.

ती बंद करायची आणि पुन्हा लावायची, डबी संपली की नांदेडहून दुसरी यायची. उन्हाळ्यापर्यंत असंच गेलं. मी चिडायचं सोडलं. मी क्रीमवर एक पत्रक लिहिलं, छापलं, लातूरच्या शिकवण्यांबाहेर मुलींना वाटलं. काहींनी ते वाचलं, काहींनी उन्हासाठी डोक्यावर धरलं.

गेल्या मे महिन्यात काकूच्या घरी गेले तर मयुरीनं फोन पुढं केला. त्यात काकू चुलीपुढं बसलेली, मोठा जाळ, बोलतेय, हसतेय, भाकर उलटतेय. मी विचारलं, कधी बसली ही चुलीपुढं? मयुरी म्हणाली, "बसल्याच न्हाईत. जुने व्हिडिओ घातले की ॲप बनवून देतंय. आवाज तेवढा आत्याबाईचा घेते, आत झोपूनच." त्या फोनमधल्या सगळ्या भाकरी एकसारख्या फुगत होत्या. एकही फाटत नव्हती.

काकू आतल्या खोलीत कुलरपुढं बसली होती, खिडकीला गोधडी लावलेली. तिनं मला जवळ बोलावलं आणि तोच व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

"बग जाळाच्या किती जवळ बसलीय," ती म्हणाली. "कायबी होत न्हाई तिला."

मला एकदम काहीतरी सुचल्यासारखं झालं. मी म्हटलं, "काकू, मग आता सोप्पं झालं. तुला दाखवायची गरजच राहिली नाही. व्हिडिओ ती करू दे. तू डबी टाक, सहा महिने आत राहा, सगळं भरून येईल. कोणाला कळणार पण नाही."

काकूनं माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या पापण्यांच्या कडा सोललेल्या होत्या.

"आन उद्या भोकरला दुकानाचं उद्घाटन हाय," ती म्हणाली. "तितं कोन जाईल? ती?"

मी व्हिडिओ बंद केला.

"तितं बाया तोंडाला हात लावून बगतेत, किरांती. गालावरून बोट फिरवतेत. खरीच हाय का मनून." आणि मग कुलरकडे तोंड करून, "आग व्हतीय. पन हात काढ मनता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ते निघाले. मी भिंतीपाशी उभी होते. काकू तयार होऊन आली होती, तोंड गोरं आणि गुळगुळीत, फोनमधल्यासारखंच, मान आणि हात वेगळे. गाडीत बसताना तिनं माझ्याकडे बघितलं, पण हसली नाही. हसलं की गाल ताणला जाऊन चिरतो, असं मयुरीनं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. काचा वर केल्या, एसी लावला. मयुरीनं मांडीवर पाण्याची बाटली आणि ओला पंचा घेतला. मी गाडीमागं गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. मोठ्या रस्त्याला लागून गाडी उत्तरेकडे वळली. ऊन काकूच्या बाजूला आलं. काचेतून दिसलं, तिनं पदर तोंडावर धरला आणि मयुरीला ओलांडून ती पलीकडच्या सावलीत सरकून बसली.